नाल्याच्या अलीकडचं पॅनेल, पलीकडचं पॅनेल

दारव्हा तालुक्यातल्या एका गावाची ही स्थिती आहे. गावाचं नाव घेत नाही आणि तपशील अभ्यासापुरता जुळवून घेतला आहे. यवतमाळ, वाशीम, अमरावती यांपैकी कुठल्याही जिल्ह्यात थोड्याफार फरकानं हेच चित्र सापडेल.

गावात सौर पॅनेलची तीन प्रकरणं एकाच वेळी चालू आहेत. नाल्याच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या वावरात 5 अश्वशक्तीचा सौर पंप आहे, 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेतला. नाल्याच्या पलीकडे ई-क्लास, म्हणजे गावाच्या सरकारी पडीक जमिनीवर एका खासगी विकासकाचा सौर प्रकल्प उभा आहे. त्याची वीज उपकेंद्रात जाते आणि तिथून शेतीच्या फीडरवर दिवसा सोडली जाते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतले असे प्रकल्प आता बहुतेक तालुक्यांत दिसतात. तिसरं प्रकरण अजून कागदावर आहे. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाच्या निधीतून चार लाखांच्या आसपास सौर पथदिवे घ्यायचे आहेत.

तिन्ही ठिकाणी फिटर एकच. दारव्ह्याचा, आयटीआय झालेला. पंपाच्या कंपनीचं तालुक्यातलं बसवणी-दुरुस्तीचं काम त्याच्याकडे आहे, विकासकाच्या प्रकल्पावर त्यानं जोडणीचं काम केलंय आणि पथदिव्यांसाठी त्याला दर भरायचाय.

मार्चच्या गारपिटीत पंपाचं एक पॅनेल तडकलं. पॅनेलं एकामागं एक जोडलेली असतात, त्यामुळे एक गेलं की सगळ्या ओळीचा दम जातो. पंप उन्हं चांगली वर आल्याशिवाय उचलेना आणि दुपार कलली की बंद. शेतात उन्हाळी भुईमूग. पंपाला 5 वर्षांची हमी आणि विमा, म्हणजे पॅनेल फुकट मिळणार, पण कंपनीचं उत्तर आलं की 'डीसीआर' पॅनेलचा साठा संपलाय, थांबा. डीसीआर म्हणजे सेलही (पॅनेलातले वीज तयार करणारे तुकडे) देशी आणि पॅनेलही देशी. फिटरच्या गोदामात तितक्याच वॅटचं 'नॉन-डीसीआर' पॅनेल पडून होतं: भारतात जोडलेलं, सेल बाहेरचे, दरानंही स्वस्त.

"पॅनल त सारखंच दिसते भाऊ. नाल्यापलीकडं शेकड्यानं लागले. मंग माह्याच वावरात कायले कायदा आडवा येते?"

"काका, लावाले त मी आत्ता लावतो. पण नंबर पोर्टलवर चढवा लागते. तपासणीत सापडलं त कंपनी मले काढून टाकन."

शेतकऱ्याचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर दारव्ह्यात नाही. ते शोधायला जिनिव्हापर्यंत, जागतिक व्यापार संघटनेच्या दारात जावं लागतं.

सरकार गिऱ्हाईक असतं तेव्हा

जागतिक व्यापाराच्या नियमांचा एक पाया असा: परदेशी माल सीमाशुल्क भरून एकदा देशात आला की त्याला देशी मालापेक्षा वाईट वागवायचं नाही. 1947च्या गॅट, म्हणजे सीमाशुल्क आणि व्यापारावरच्या सर्वसाधारण कराराच्या कलम 3 मध्ये हे आहे. पण त्याच कलमात परिच्छेद 8(अ) घालून सरकारी खरेदीला त्यातून मोकळं ठेवलं. सरकारी यंत्रणा सरकारी कामासाठी जो माल विकत घेते, त्याला हे बंधन नाही. अट एवढीच की तो माल पुन्हा व्यापारी विक्रीसाठी किंवा विक्रीच्या मालाच्या उत्पादनासाठी घेतलेला नसावा. सेवांच्या करारातही कलम 13 नं अशीच सूट ठेवली. सूट ठेवण्याचं कारण उघड होतं. आपल्या करदात्यांच्या पैशानं आपल्याच कारखान्यांकडून खरेदी करण्याचा हक्क सोडायला त्या वेळी कुठलंच सरकार तयार नव्हतं.

ज्यांना सोडायचा होता त्यांनी पुढं वेगळा करार केला. व्यापार वाटाघाटींच्या टोकियो फेरीतली सरकारी खरेदीची संहिता 1981 पासून, तिच्या जागी आलेला करार 1996 पासून आणि त्याची सुधारित आवृत्ती 6 एप्रिल 2014 पासून लागू झाली. हा करार ऐच्छिक आहे. सही करणारे देश आपली खरेदी एकमेकांच्या कंपन्यांना खुली करतात, तीही ठरावीक खात्यांपुरती आणि ठरावीक रकमेच्या वर. भारत 2010 पासून तिथं निरीक्षक आहे, सदस्य नाही. त्यामुळे भारत सरकार स्वतःसाठी खरेदी करताना देशीला प्राधान्य देत असेल, तर जागतिक व्यापार संघटनेच्या नियमानं त्याला कोणी अडवू शकत नाही.

इथवर सरळ आहे. घोळ होतो तो सरकार नेमकं काय विकत घेतंय हे ठरवताना.

पलीकडचा प्रकल्प: सरकार वीज घेतं

जानेवारी 2010 मध्ये केंद्रानं जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान सुरू केलं. 2022 पर्यंत 20,000 मेगावॉटचं लक्ष्य होतं. खासगी कंपनीनं प्रकल्प उभारायचा आणि सरकारी यंत्रणेनं 25 वर्षं ठरलेल्या दरानं वीज घ्यायची, अशी रचना. पहिल्या तुकडीत अट आली की स्फटिक सिलिकॉनची पॅनेलं भारतात बनलेली हवीत. दुसऱ्या तुकडीत सेलही देशी हवेत असं ठरलं. पातळ थराच्या, म्हणजे थिन-फिल्मच्या, पॅनेलांना तेव्हा ही अट नव्हती, आणि त्या फटीतून अमेरिकी थिन-फिल्म माल इथं बऱ्यापैकी आला. दुसऱ्या टप्प्यात ती फट बुजवली, पण 750 मेगावॉटपैकी निम्म्यालाच देशी मालाची अट ठेवली आणि निम्मे खुले सोडले.

फेब्रुवारी 2013 मध्ये अमेरिकेनं जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नोंदवली. भारताचा मुख्य बचाव 8(अ)चाच होता: ही सरकारी खरेदी आहे. 24 फेब्रुवारी 2016ला निवाडा मंडळाचा अहवाल आला आणि 16 सप्टेंबर 2016ला अपील मंडळाचा. भारत दोन्हीकडे हरला. कारण एका ओळीत सांगता येतं: सरकारनं विकत घेतली वीज, आणि भेदभाव झाला सेल व पॅनेलांबाबत. विकत घेतलेला माल आणि ज्याच्याशी भेदभाव केला तो माल यांची बाजारात एकमेकांशी स्पर्धा असली पाहिजे. वीज आणि पॅनेल यांची तशी स्पर्धा नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताच्या पवन व सौर विजेच्या योजनेवर 2013 मध्ये हाच कौल लागला होता, त्यामुळे दिल्लीला याची कल्पना नव्हती असं म्हणता येत नाही.

'देशात सेलचा तुटवडा आहे' हा भारताचा दुसरा बचावही टिकला नाही. देशात कारखाने कमी आहेत म्हणजे मालाचा तुटवडा आहे असं होत नाही. बाहेरून माल मिळतो ना, मग तुटवडा कसला, असं त्यांचं म्हणणं. मला हा भाग निकालातला सर्वांत कठोर वाटतो. आयात बंद पडली तर काय, हा प्रश्न त्यात बाजूलाच राहतो.

आता हा निकाल गावावर ठेवून बघा. नाल्यापलीकडे रचना तीच आहे. विकासकाचा प्रकल्प, विकासकाची पॅनेलं, आणि 25 वर्षांच्या करारानं सरकारी कंपनी घेते ती फक्त वीज. तिथं देशी सेलची सक्ती केली की 2016चा निकाल समोर उभा राहतो. फीडरच्या योजनेत केंद्रानं डीसीआरची अट काही काळ शिथिल केली होती, आणि त्या काळातल्या प्रकल्पांना बाहेरच्या सेलची पॅनेलं बसवता आली. शिथिलतेमागं निकालाची भीती किती आणि देशी सेलच अपुरे होते हे कारण किती, याचा हिशेब मी मांडत नाही. दुसरं कारण मोठं असावं असा माझा कयास.

दिल्लीनं धडा घेतला हे मात्र दिसतं. फेब्रुवारी 2019 मध्ये केंद्रानं सार्वजनिक उपक्रमांसाठी 12,000 मेगावॉटची योजना मंजूर केली. त्यात सरकारी संस्थेनंच देशी पॅनेलं घ्यायची आणि वीजही स्वतः किंवा दुसऱ्या सरकारी संस्थेनं वापरायची. म्हणजे विकत घेतलेला माल पॅनेलच आणि वापरही सरकारी. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत बसेल अशी रचना केल्याचं सरकारनं त्या वेळी उघडच सांगितलं होतं.

अलीकडचा पंप: इथं कोण काय घेतं?

गावातल्या तीन प्रकरणांत कायद्याच्या नजरेनं सर्वांत अडचणीचं प्रकरण हा पंप आहे, आणि त्याकडेच कोणाचं लक्ष नाही.

पैशाचा प्रवास असा. शेतकऱ्याचा वाटा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा 5. शेतीतल्या सौर ऊर्जेसाठीच्या केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेतल्या घटक 'ब' मधून केंद्राचे 30 टक्के, उरलेले राज्याचे. महावितरण निविदेतून दर ठरवतं आणि पुरवठादारांची यादी लावतं. शेतकरी पोर्टलवर त्यातला एक निवडतो. पंप त्याच्या मालकीचा होतो. सेल आणि पॅनेल देशी असणं कुसुमच्या अटीतच बंधनकारक आहे.

मग ही सरकारी खरेदी आहे, की शेतकऱ्याच्या खरेदीला दिलेलं अनुदान? या प्रश्नाशी मिळतंजुळतं जुनं प्रकरण शेतीचंच आहे. इटलीनं जुलै 1952च्या कायद्यानं शेतकऱ्यांना यंत्रं घ्यायला 5 वर्षं मुदतीचं, 3 टक्के व्याजाचं कर्ज दिलं, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत. अट अशी की ट्रॅक्टर इटलीत बनलेला हवा. ब्रिटननं तक्रार केली. इटलीनं सांगितलं की आम्ही शेतकऱ्याला मदत करतोय, आयातीवर बंदी घातलेली नाही. 1958 मध्ये गॅटच्या मंडळानं ते अमान्य केलं. कारखानदाराला थेट अनुदान द्यायला हरकत नाही, कलम 3 मध्येच तशी मुभा आहे. पण गिऱ्हाइकाला 'देशी घेशील तरच पैसे' असं सांगितलं की परदेशी मालाला वाईट वागवल्यासारखंच होतं. आपल्या वावरातला पंप या इटालियन ट्रॅक्टरच्या अगदी जवळ उभा आहे.

भारताला बचाव नाही असं नाही. कॅनडाच्या प्रकरणात अपील मंडळानं म्हटलं होतं की सरकार स्वतः जे वापरतं ते, आणि सार्वजनिक कर्तव्य म्हणून लोकांना जे पुरवतं तेही, सरकारी कामासाठीची खरेदी ठरू शकतं. इथं निविदा महावितरणची, दर महावितरणनं ठरवलेला, 90 टक्के रक्कम सरकारी. शेतकऱ्याला दिवसा पाणी देणं हे सार्वजनिक काम आहे, असं म्हणता येईल. पण लगेच पुढची अट अडवते: विक्रीच्या मालाच्या उत्पादनासाठी घेतलेला माल चालत नाही. आणि इथं पंपाच्या पाण्यावरचा भुईमूग दारव्ह्याच्या बाजारात विकला जाणार, कपाशी जिनिंगला जाणार. सरकारचा हेतू पाणी देण्याचा आणि शेतकऱ्याचा हेतू विकण्याचा. यातला कोणाचा हेतू धरायचा? माझ्या मते बचाव निम्म्या वाटेपर्यंत जातो आणि तिथं अडतो. अनुदानांच्या करारातही देशी माल वापरण्याच्या अटीवर दिलेलं अनुदान थेट निषिद्ध आहे, ती तक्रार वेगळीच.

याहून अवघड गोष्ट म्हणजे आपलंच दुसरं प्रकरण. अमेरिकेतली वॉशिंग्टन, कॅलिफोर्नियासह आठ राज्यं स्थानिक बनावटीच्या सौर सामानाला जादा प्रोत्साहन देत होती. त्यावर भारतानं तक्रार केली आणि 27 जून 2019ला मंडळाचा निकाल भारताच्या बाजूनं लागला. म्हणजे प्रोत्साहनाला देशी मालाची अट जोडणं नियमाविरुद्ध आहे, हे आपणच सिद्ध करून आलो. जून 2023 मध्ये दोन्ही देशांनी आपसातले सहा वाद मिटवले, त्यात 2013चा सौर सेलचा वाद आणि हा, दोन्ही गेले. शिवाय डिसेंबर 2019 पासून अपील मंडळावर सदस्यांची गणपूर्ती नाही. निकाल विरोधात गेला तर अपील करून तो लटकवता येतो. पंपाची अट आज सुखरूप आहे ती या दोन कारणांनी. तिचं कायदेशीर बळ तेवढं नाही.

अट वाईट आहे का? मी तसं म्हणणार नाही. सेलचा एकही कारखाना नसलेला देश पॅनेलांसाठी कायम दुसऱ्याच्या दारात उभा राहील, आणि कारखाना उभा राहायला खात्रीचं गिऱ्हाईक लागतं. ज्या अमेरिकी कंपनीची थिन-फिल्म पॅनेलं तेव्हा इथं येत होती, त्या फर्स्ट सोलरनं जानेवारी 2024 मध्ये तमिळनाडूत 3.3 गिगावॉटचा कारखाना सुरू केला. यात निविदेच्या अटींचा वाटा आहे, आणि एप्रिल 2022 पासून पॅनेलांवर 40 आणि सेलवर 25 टक्के सीमाशुल्क लागलं त्याचाही. माझा आक्षेप दुसरीकडे आहे. उद्योग उभा करण्याची किंमत कोणी मोजायची, हे कुठंच लिहिलेलं नाही. सीमाशुल्काची झळ सगळ्यांना लागते. डीसीआरच्या तुटवड्याची झळ मात्र रांगेत थांबलेल्या, किंवा पॅनेल तडकलेल्या, शेतकऱ्याला लागते, आणि ती कुठल्याच हिशेबात येत नाही.

पॅनेलचं काय केलं

फिटरनं नॉन-डीसीआर पॅनेल लावलं नाही. अनुदानाच्या पंपाला पॅनेलचा अनुक्रमांक चिकटलेला असतो. तो बदलला की कंपनीची हमी आणि शेतकऱ्याचा विमा दोन्ही वादात. शिवाय गोदामातल्या पॅनेलचा वॅट तेवढाच असला तरी ओळीतल्या सगळ्यांचा अँपिअर जुळला नाही तर सर्वांत कमी असलेलं पॅनेल बाकीच्यांना मागे ओढतं. त्यानं तडकलेलं पॅनेल ओळीतून काढलं आणि उरलेली सरळ जोडली. पाणी कमी पडलं, पण वेळेवर सुरू झालं. विम्यासाठी फोटो आणि तक्रार क्रमांक त्याच दिवशी पाठवला, कारण नैसर्गिक आपत्तीत कळवायला उशीर झाला की दावा रखडतो. भुईमुगाच्या अर्ध्या तुकड्याला शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी भाड्यानं घ्यावं लागलं. ते भाडं कोणी भरून दिलं नाही.

पथदिवे, आणि विदेशी कंपनीची धास्ती

ग्रामसभेत पथदिव्यांचा विषय निघाला तेव्हा एकानं उभं राहून विचारलं, "ताई, आता इंग्लंडशी करार झाला म्हणते पेपरात. मंग आपल्या टेंडरात बी इंग्रज येईन का?" सरपंचताई हसल्या, पण प्रश्न ग्रामसेवकाकडे गेला आणि तिथून फिटरमार्गे माझ्याकडे.

येणार नाही. 24 जुलै 2025ला सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात सरकारी खरेदीवर एक भाग आहे, पण तो केंद्राच्या ठरावीक खात्यांपुरता. राज्यं आणि स्थानिक संस्था बाहेर ठेवल्या आहेत. ब्रिटिश पुरवठादाराच्या मालात किमान 20 टक्के ब्रिटिश मूल्य असेल तर त्याला आपल्या वर्ग-2 स्थानिक पुरवठादारासारखं धरायचं, असं त्यात ठरलंय. पन्नास टक्के किंवा जास्त देशी मूल्याचा वर्ग-1, वीस ते पन्नासचा वर्ग-2, ही विभागणी 2017च्या 'मेक इन इंडिया' खरेदी आदेशातली आहे. म्हणजे ब्रिटिश कंपनीला वर्ग-1चं प्राधान्य तरीही नाही. मे 2022 पासून लागू झालेल्या संयुक्त अरब अमिरातीच्या करारात पहिल्यांदा असा भाग आला, पण तिथं मर्यादा 200 कोटींची. आपल्याकडे 2020 पासून केंद्रात 200 कोटींपर्यंत जागतिक निविदा काढायलाच विशेष मंजुरी लागते. चार लाखांच्या दिव्यांसाठी यातलं काहीच लागत नाही. खरेदी कराराच्या सदस्य देशांतही स्थानिक संस्थांच्या मालखरेदीची मर्यादा साधारण 2 लाख एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) असते, म्हणजे दोन कोटी रुपयांहून जास्त. तिथल्या खेड्यांचे दिवेही करारात सापडत नाहीत.

गंमत अशी की बाहेरचा माल याच लहान खरेदीतून सहज आत येतो. केंद्राच्या आदेशातून 5 लाखांखालची खरेदी वगळली आहे. सीमेलगतच्या देशांतल्या बोलीदारांना आधी नोंदणी लावणारा जुलै 2020चा नियम बोली लावणारा कोण हे बघतो. यवतमाळच्या दुकानदारानं चिनी सेलचे दिवे आपल्या नावानं विकले तर तो बोलीदार भारतीयच. म्हणजे तीन प्रकरणांत देशीची सक्ती करण्याचा निर्विवाद हक्क जिथं आहे, तिथं सक्ती नाही; आणि जिथं हक्क शंकास्पद, त्या पंपावर पक्की सक्ती.

सरपंचताईंनी शेवटी मूळ देशाची अट घातली नाही. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर 2020 पासून मालाचा मूळ देश दाखवावा लागतो, तो रकाना फक्त वाचायचं ठरलं. विनिर्देशात त्यांनी तीन गोष्टी घातल्या: बॅटरीची 5 वर्षांची लेखी हमी, दुरुस्तीची सोय तालुक्यात, आणि बिघाड कळवल्यावर किती दिवसांत माणूस येणार त्याची मुदत व दंड. गावातले जुने दिवे पॅनेलमुळे कधीच गेले नव्हते, बॅटरीमुळे गेले होते. फिटरनं दर भरला आहे. त्याच्यापेक्षा कमी दर नागपूरच्या एका दुकानदाराचा आला, पण त्यानं तालुक्यातल्या सोयीचा रकाना कोरा सोडला, म्हणून फाईल सध्या गटविकास अधिकाऱ्यांच्या अभिप्रायासाठी पंचायत समितीत आहे.